मी हातातली चप्पल

मी एक चप्पल बोलतेय. डाव्या पायाची, निळ्या रबराची. उजवी माझी जुळी बहीण; ती अबोल, म्हणून बडबड सगळी माझ्या वाट्याला आली.

कारखान्यात रबराच्या जाड पट्टीतून आम्हाला खटकन कापून काढलं. पट्टे ओवणारी बाई म्हणाली, "जा गं पोरींनो, चिखल-काटे तुडवा." मी मोठ्या उमेदीने बाजारात आले.

आम्हाला घेतलं वीटभट्टीवर राबणाऱ्या एका आईने. स्वतः जन्मभर अनवाणी. पण लेकीसाठी घासाघीस करून घेतलंच. लेकीचा पाय एका जागी ठरायचा नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आईने पहिल्याच दिवशी दटावलं, "नव्या कोऱ्या आहेत. घाण केल्यास तर बघ!"

झालं! शाळेच्या वाटेवर ओलसर झाडी होती. अख्खी वस्ती सकाळी तिथेच आडोशाला जायची. तिथे पोचलं की भिंगरी आम्हाला हातात घ्यायची आणि चिखल तुडवत अनवाणी पलीकडे जायची. आम्ही कशा, चकचकीत! काय तो माझा तोरा!

पण भिंगरी मंदावत चालली. चेहरा पांढराफटक, चार पावलांत धाप. वर्गात पेंगायची, गुरुजींची बोलणी खायची. आईच्या जिवाला घोर लागला. पोर उठेनाशी झाली तर कसली शाळा नि कसलं काय?

मग शाळेत नर्सबाई आल्या, तपासण्या झाल्या. आईला बोलावणं आलं. आम्ही दाराबाहेर, कान टवकारून.

"हिच्या पोटात जंत आहेत," नर्सबाई म्हणाल्या. "घाणीच्या मातीत यांची पिल्लं असतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. तळव्याच्या कातडीतून शिरतात, रक्तातून फुप्फुसात जातात, तिथून घशात येतात. गिळली की आतड्यात, आणि तिथे रक्त पीत बसतात."

बाप रे! मी थक्कच झाले. केसाहून बारीक जीव, ना हात ना पाय, आणि केवढा हा प्रवास! आणि त्याला दारातच अडवायला माझं बोटभर रबर पुरेसं होतं. मी, एक साधी चप्पल!

"अहो, पण तिला चपला आहेत की!" आई चक्रावली.

"पायात असतात ना?"

"हातात," भिंगरी पुटपुटली. "तूच म्हणालीस ना आई, घाण करू नकोस."

आई तिथेच खाली बसली. पोरीचे तळवे तिने मांडीवर घेतले आणि पदराने पुसत राहिली.

भिंगरीने जंताची गोळी चावून खाल्ली, रक्तवाढीच्या गोळ्याही सुरू झाल्या. एवढीशी ती गोळी, पण काय तिची करामत! हळूहळू गालांवर रंग चढला, आणि एका सकाळी पोर चक्क पळत सुटली. आम्ही चिखलात बरबटलो. इतकं सुख मला कधीच झालं नव्हतं.

आता भिंगरीचे पाय वाढलेत, तिला नवी जोडी आलीय. माझ्या पट्ट्याला पिन आहे. उकिरडाच नशिबी, म्हणून मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला होता. पण आज आईने आम्हाला पायात घातलं. छोट्या चणीची ती, आम्ही मापात बसलो. तिच्या पायातली पहिलीवहिली चप्पल मी!

झाडीपाशी ती थबकली. जन्माची काटकसर, हात आपसूक माझ्याकडे वळला.

मागून भिंगरी कडाडली, "आई! राहू दे पायात. घाण केल्या नाहीस तर बघ!"

आई खुदकन हसली आणि आम्हाला घेऊन थेट चिखलात उतरली.