उभी रेघ, आडवी रेघ

आमच्या कारखान्यातून खुर्ची बाहेर पडते ती दोन रेघा घेऊन. कारखाना म्हणजे भाड्याची एक पत्र्याची शेड, पण मी कारखानाच म्हणणार. लाकूड नणंदेचं, म्हणजे ताईचं, गादी नि शिवण माझी. सांगाडा पास झाला की ताई बैठकीखालच्या पट्टीवर पटाशीने उभी रेघ मारते. शिवण पास झाली की मी तिच्यावर आडवी. अधिकची खूण पुरी नसेल तर खुर्ची दाराबाहेर जात नाही. नणंद-भावजय मिळून धंदा करणार म्हटल्यावर लोक पोट धरून हसले होते. सहा महिने टिकणार नाहीत म्हणाले. चार वर्षं झाली, घ्या!

आणि तरी माती खाल्ली ती मीच.

एका दवाखान्याला दोनशे खुर्च्या हव्या होत्या. काम मिळालं तर भाडं भागून शेड आमच्याकडे राहणार, नाहीतर मालक ती गोदामाला देणार. नमुना सोमवारी हवा आणि ताई तापाने फणफणलेली. सांगाडा तयार होता, फक्त मागचा एक पाय राहिलेला. मी खिडकीजवळच्या ढिगातला पाय उचलला, ठोकून बसवला (ताईचं बघून बघून तेवढं येतं मला) आणि गादी शिवली. मग आडवी रेघ मारली. आणि उभीही मारली. तापात तिला कशाला उठवायचं, असं स्वतःला सांगितलं. खरं सांगू? ती नाही म्हणेल याची धास्ती होती.

नमुना पसंत पडला. गुरुवारी करार करायला दोघी गेलो. खरेदीसाहेबांच्या टेबलाशेजारीच खुर्ची होती. ताईने सवयीने ती उलटी केली, रेघांवरून अंगठा फिरवला. ताई डावखुरी, तिची रेघ खाली येताना कलते. ही सरळसोट होती. तिने अंगठा तिथेच थांबवला. मागच्या पायावर टकटक केलं आणि म्हणाली, "हा पाय मी बाद केलेला. आत गाठ आहे. आज धरेल, वर्षभराने बसलेल्या माणसासकट खाली येईल. साहेब, ही खुर्ची आमची नाही."

अस्सा राग आला मला तिचा! घरी जाऊन बोल ना बाई, इथे कशाला तोंडघशी पाडतेस?

साहेब हसले आणि माझ्याकडे वळले. "गाठ कुणाला दिसते हो? मला खुर्ची आवडली. दोघी एकमेकींना विचारत बसलात तर दोनशे कधी होणार? तुम्ही एकट्याच सही करा. सुतार काय, कुठेही मिळेल."

कागद माझ्यापुढे सरकला, वर पेन. मी ताईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. ताप अजून पुरता उतरला नव्हता. माझी मनधरणी ती मेली तरी करणार नव्हती. आणि सुतार कुठेही मिळेल म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"साहेब, उभी रेघ मी मारली," मी म्हणाले. "खोटी. मला लाकडातली गाठ कळत नाही, म्हणून तर ती रेघ माझी नाही. आमच्याकडून खुर्च्या हव्या असतील तर करारावर दोन सह्या होतील. नको असतील तर द्या दुसऱ्या कुणाला."

"देईन की."

"खुशाल द्या. पण ही आम्ही नेतो. हिच्यावर कुणी बसायचं नाही."

दोन बाजूंनी खुर्ची धरून आम्ही रस्त्याने निघालो. लोक बघत होते, बघू देत. अर्ध्या वाटेत ताई म्हणाली, "रेघ मारताना हात थरथरला का गं?"

"नाही."

"थरथरायला हवा होता."

भररस्त्यात रडले मी. तिने रडू दिलं.

शेडमध्ये आल्यावर तिने तो पाय करवतीने कापला आणि मला गाठ दाखवली. काळी, नखाएवढी. मग नवा पाय बसवला, दोन्ही रेघा पॉलिश पेपरने घासून काढल्या आणि आपली कलती रेघ मारली. पटाशी माझ्यापुढे धरली.

"वहिनी, मार."

"अगं, महिनाअखेरीला मालक येणार शेड मागायला."

"येऊ दे. तू मार."

मी मारली. खुर्ची दारातच ठेवली आहे. मालक आला की तिच्यावरच बसवणार आणि तोंडावर सांगणार, शेड सोडत नाही, काय करायचं ते करा. आणि बसताना दचकू नका म्हणावं, दोघींनी पाहिलेली आहे.