सहा परस खालचं तळं

आमचे हे, योगीराज, विहिरी खोदतात. नळदुर्गच्या आसपास कुणाचीबी विहीर असो, खडक बघून हेच सांगणार, इथं उतरा, इथं थांबा. तांबडी माती लागली की गडी आधी ह्यांच्या तोंडाकडं बघतात. ती कधी ढासळंल, नेम न्हाय.

आठ वर्षांमागं ह्यांचा दिस दारूच्या बाटलीशिवाय उजाडत नव्हता. रामकिसन पास्टरांच्या प्रार्थनाघरानं ती बाटली सोडवली. त्या पत्र्याच्या खोलीवर माझा लई जीव.

गेल्या महिन्यात सहा परस खाली, म्हंजे सहा माणसं एकावर एक उभी करावी इतकं खोल, ह्यांना दगडात गोगलगायीचे शंख घावले. पास्टर हरखूनच गेले. म्हणाले, "नोहाच्या जलप्रलयाची खूण ही! पृथ्वी सहा हजार वर्षांची, बायबल खोटं सांगत नाही. योगीराज, रविवारी उभं राहून साक्ष द्या."

हे घरी येऊन दगड धुवत बसले. उन्हात धरायचे, पालथा करायचे, भाकरीची सुध न्हाय.

"मथुरा, पुरात सगळं पांगतं, फुटतं. ह्यातली बारकी लेकरंसुद्धा आईजवळ बसल्यात बघ. तळं होतं हे, शांत. त्याच्यावर खडक, मग तांबडी माती, पुन्हा खडक. एका पुराचं काम न्हाय. किती वर्षं लागली असतील गं?"

म्या म्हणलं, "लागू द्या तिकडं! पूर आला म्हणा नि मोकळं व्हा. गोगलगायी काय कोर्टात येणार हायती? प्रार्थनाघर तुटलं तर पुन्हा बाटली धराल तुम्ही!"

हे चिडले न्हायत. "न बघितलेलं बघितलं म्हणलो, तर उद्या माझ्या शब्दावर गडी खाली कसे उतरतील?"

 म्या भांडी घासायला बसले.

रविवारी हे उभे राहिले. "देव हाय. त्यानंच मला वर काढलं. पण खाली मला पूर दिसला न्हाय. तळं दिसलं."

"आणि सहा हजार वर्षं?" पास्टरांनी विचारलं.

"म्या परसात मोजतो, साहेब. वर्षं मला येत न्हायत. पण घाईनं केलेलं काम न्हाय ते, एवढं कळतं."

 म्या पदर दातात धरलेला. पास्टरांनी दगड हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला नि लई वेळ बघत राहिले.

"हे एवढंसं, ह्याचं लेकरू का?"

"व्हय."

"मला बघता येईल? खाली?"

"उद्या या. अनवाणी उतरा, नि म्या म्हणतो तिथंच पाय ठेवा."

सोमवारी म्या विहिरीच्या काठावर उभी होते. खाली हे, वर सगळे गडी. पास्टर पँट वर दुमडून उतरत होते. तांबड्या मातीपाशी येऊन थांबले. खालीच बघून म्हणाले,

"योगीराज, आता पाय कुठं ठेवू?"