भिंतीपलीकडचा होकार

रात्रपाळी सुरू करून माल लवकर दिला नाही, तर मोठे गिऱ्हाईक जाणार आणि त्याच्यामागोमाग निम्मे कामगारही, हे मालकांना कळत होते. पण शेजाऱ्यांच्या होकाराशिवाय रात्री कारखान्यातला यांत्रिक घण चालवायचा नाही, हा वडिलांनी घालून दिलेला नियम होता. म्हणून त्यांनी शेजाऱ्यांना कारखान्यातच बोलावले. नीट बोलता यावे म्हणून घण बंद ठेवला.

"आवाजाचा त्रास होतो का?" त्यांनी विचारले.

"छे हो!" कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला. "आमची ही याहून जोरात बोलते."

हशा पिकला. होकार मिळाला. मालकांचा जीव भांड्यात पडला.

भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाई तेवढ्या आल्या नव्हत्या. मालक त्यांच्याकडे गेले. घरात कपबश्या फळीवर नव्हत्या, जमिनीवर, दुमडलेल्या चादरीवर मांडलेल्या होत्या.

"यांना सोडून… येता आलं नाही," बाई म्हणाल्या. "रात्रपाळीचं… कळलं मला."

"दम लागतोय का, बाई? सावकाश बोला."

आतल्या खोलीतून त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या यजमानांचा आवाज आला, "अगं, घण बंद आहे आज. सलग बोल की!"

"मेली सवय!" बाई ओशाळल्या.

घाव पडला की थांबायचे, मग पुढचा शब्द. मालकांच्या आत्ता ध्यानात आले. आणि आपण आवाजाबद्दल विचारले ते आवाज बंद करून!

"रात्री झोप लागते ना यांना?"

"कुठली हो झोप! रात्री आम्ही बोलतो. दिवसभराचं साठलेलं असतं. पण तुमच्यावर किती घरं जेवतात. माझा होकार समजा."

मालकांना मान वर करवेना. "नको, बाई," एवढेच म्हणून ते उठले.

कारखान्यात मिस्त्री वाटच पाहत होता. "दिला होकार?"

"दिला. मी घेतला नाही."

"वा मालक! शेजारधर्म झाला. आता आमच्या चुली कोणी पेटवायच्या?"

मागे कामगार गोळा झाले होते. एरवी मालकांनी केबिनचे दार लावून घेतले असते. आज ते तिथल्याच एका खोक्यावर बसले.

"रात्री घण चालणार नाही, एवढंच ठरलंय. पुढचं मला एकट्याला सुचत नाही. बसा."

कोणी बसले नाही. मिस्त्रीने फडक्याला हात पुसले.

"गिऱ्हाइकाला एवढी घाई कशाची," तो म्हणाला, "हे तरी विचारलंत का कधी?"

मालकांनी विचारले नव्हते.