डांबाचं गणित

आमच्या दीक्षाला पुढच्या संशोधनासाठी बंगलोरला जागा मिळाली. गल्लीत सगळ्यांना आनंद झाला, फक्त तिच्या बापाला झाला नाही. बाबासो माझा मुलगा. शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता आणि हा माणूस 'बघू' यापलीकडं बोलत नव्हता. बापाचं मन मोडून पोरगी जाणार नाही, हे मला माहीत होतं. ती खाली मान घालून जेवायची आणि उठायची.

ती विद्यापीठात गणित शिकली. पूल, मोटार, नदीचं पाणी, काहीही हेलकावायला लागलं तर ते शांत होईल की हाताबाहेर जाईल, हे आधीच ओळखायचं, असं तिचं गणित. मी अक्षरं साठीत शिकले, त्यामुळं दिसेल ते वाचायची मला हौस. पण तिच्या पुस्तकात आकडे कमी आणि वळवळ जास्त. तिच्या तोंडात मात्र सारखा एक शब्द असायचा, पोल. 'आज्जी, आज एक पोल सापडला.' 'आज्जी, पोल चुकीच्या बाजूला गेला.'

आमच्याकडं पोल म्हणजे लाईटचा डांब. गुरुवारी शेजारची अंबूबाई चहाला आली ती तेच घेऊन.

"दीक्षे, जायच्या आधी आमच्या दारातला डांब तेवढा सरकव की. म्हैस अंग घासतीया त्याला."

"काकू, माझे पोल कागदावर असतात."

"कागदावर आमचाबी कवाच सरकलाय."

मी हसले. दीक्षाही हसली. बाबासोनं कप खाली आपटला, चहा फरशीवर सांडला.

"हसा," तो म्हणाला. "चंदगडला ठेकेदाराकडं डांब उभं करायला मी हुतो. भर पावसात माज्या जोडीचा ज्ञानू वरनं घसरला, माज्या म्होरं पडला. अजून काठी घेऊन चालतोय. आन् माजी पोरगी एवढं शिकून डांबावर चढणार? ती बी परमुलखात?"

म्हणजे एवढे दिवस ह्याच्या डोक्यात हे होतं. मी पदर तोंडाला लावला. दीक्षा हसली नाही. ती बापाशेजारी खाली बसली आणि सांडलेल्या चहात बोट बुडवून तिनं फरशीवर एक ठिपका काढला.

"बाबा, हा माझा पोल. ह्याच्याजवळ जाल तसा आकडा वाढत वाढत आभाळाला भिडतो. म्हणून जवळ जायचंच नाही. लांबून वळसा घालून परत यायचं. तेवढ्यावर आत काय आहे ते कळतं."

तिनं ठिपक्याभोवती गोल काढला.

"हात बी लावायचा न्हाय?"

"लावला तर गणितच मोडतं."

अंबूबाई पुढं सरकली. "लांबनं वळसा घालून आतलं कळतंय? आन् त्याला बंगलोरला जायाला लागतंय व्हय?"

"तुमी तर तितं शिकवाय जावा, वैनी," बाबासो म्हणाला.

मग त्यानं दीक्षाला त्या ठिपक्याकडं बोट दाखवलं.

"करंट?"

"नाही, बाबा."

त्यानं स्वतःचं बोट चहात बुडवलं आणि तिच्या गोलाबाहेरून आणखी मोठा गोल काढला.

"एवढ्या लांबनं फिर. तुजा लई जवळनं चाललाय."

"चालतंय की. मध्ये दुसरा पोल नसला तर कितीही लांबून फिरा, उत्तर तेच येतं."

"मग शनवार कशाला," बाबासो म्हणाला. "आजच कळीव."