डाव्या हाताचा मेरू

मे महिन्यातल्या एका सकाळी ओमप्रकाश दुकानात आला आणि म्हणाला, "काकाजी, नट बदलाचा आहे."

पुलगावात माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान. नाटक मंडळ्यांच्या बाजाच्या पेट्या माझ्याकडेच यायच्या. मी म्हटलं, "नट पळाला असंन तं मंडळीच्या मालकाले सांग. मी काय मिशा लावून उभा राहू?"

ओमप्रकाश हसला नाही. त्यानं काखेतलं खाकी फडकं सोडून मेजावर ठेवलं आणि माझंही हसू गेलं. ती चंद्रभानची गिटार होती.

नट म्हणजे गिटारीच्या मानेवर, खुंट्यांच्या अलीकडे बसवलेली आडवी पट्टी. तिच्या सहा खाचांतून सहा तारा जातात. सतारीवर आम्ही तिला मेरू म्हणतो, आणि मी मेरूच म्हणणार. नागपूरच्या दुकानदारांनी काहीही म्हणावं.

चंद्रभान हा ओमप्रकाशचा थोरला भाऊ. गिरणीत वायरमन. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, तरी माझा दोस्त. त्याची ही गिटार विजेवरची, हवाईन. मांडीवर आडवी घ्यायची आणि तारांवर लोखंडी कांडी फिरवायची. तिला पोट नाही, नुसती भरीव फळी. वायर जोडून वीज दिली नाही तर ती मुकीच. अगदी कान लावला तरच काही ऐकू येणार. आणि चंद्रभान होता डावखुरा. जाड तार जिथं असते तिथं त्याला बारीक लागायची. त्याचा मेरू मीच उलटा कापून दिला होता, त्याला शिव्या देत देत.

तीन वर्षांपूर्वी तो गिटारीच्या तारा आणायला नागपूरला गेला आणि परतलाच नाही. पोलीस झाले, इस्पितळं झाली, पत्रं झाली. गावानं तो मेला असं ठरवून टाकलं. यंदा त्याचं क्रियाकर्म उरकायचं म्हणून त्याचा बाप हट्टाला पेटला होता. फक्त चंद्रभानची बायको कोकिळा ऐकत नव्हती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून ती नळावर पाण्याला जायची, आणि बायका कुजबुजल्या की मुद्दाम मान वर करायची. मी तिच्या बाजूचा. मलाही तो जिवंतच हवा होता.

"वैनी काय म्हणते?" मी ओमप्रकाशला विचारलं.

"वैनी म्हणे, गणपतीत वाजवाचं असंन तं वाजव. पण ते आले का वापस द्या लागन."

ओमप्रकाश उजव्या हाताचा. म्हणजे नवा मेरू हवा. जाड तारेच्या रुंद खाचेत बारीक तार ठेवली तर ती हलते, झणझणते. मी जुना मेरू हातोडीनं हलकेच ठोकून काढू लागलो. तो सरळ निघेना. निघाला तो दोन तुकडे होऊनच. मला उगाच अपराधी वाटलं.

नव्यासाठी तंबोऱ्याचा हस्तिदंत पाहिला, तो तडकलेला. शिंग मऊ, पोलादी तार त्यात रुतत जाते. पितळेनं सूर टोचतो. शेवटी उंटाच्या हाडाचा तुकडा घेतला. हवाईन गिटारीला मेरू उंच लागतो, तारा फळीपासून चांगल्या वर राहाव्या म्हणून. घासून बसवला, एकेक तार मोजून खाचा पाडल्या, तारा चढवल्या. गिरणीचा बाराचा भोंगा झाला तसा कुलूप लावून जेवायला गेलो.

तीन वाजता येऊन पाहतो तो तारा उलट्या. जाड तार बारीक खाचेवर नुसती टेकलेली. मी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. चंद्रभानची गिटार, हाताला जुनी सवय, लावल्या असतील आपणच उलट्या. सगळ्या काढून पुन्हा नीट चढवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. या खेपेला सवयीचं निमित्त चालेना, कारण जाण्याआधी मी तारा मुद्दाम मोजल्या होत्या. ओमप्रकाशला बोलावून झाप झाप झापलं. "माह्या दुकानात घुसून गंमत करून राह्यला काय रे?" त्यानं आईची शपथ घेतली. तो घाबरला होता, हे मला दिसत होतं. मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही, आणि कोणी मानलं तर त्याची टर उडवतो. पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तारा नीट चढवल्या, मेज झाडून लख्ख केलं, कानस उजवीकडे ठेवली, कुलूप लावलं आणि दुकानाच्या पायरीवरच दाराला डोकं टेकून बसलो. दुकानाला एकच दार. खिडकीला गज. रस्त्यावर चिटपाखरू नाही. ऊन असं की समोरची भिंत हलल्यागत दिसत होती.

भोंगा झाला. थोड्या वेळानं आतून आवाज आला. खुंटी पिळल्याची करकर, मग तार छेडल्याचा बारीक सूर. पुन्हा करकर, पुन्हा सूर. वाद्य लावणाऱ्याला घाई नव्हती. मग कानस हाडावर फिरू लागली. माझ्या पाठीमागे फक्त एक फळीचं दार होतं आणि मला मागं वळवेना. घाम गार लागत होता. किती वेळ गेला कोण जाणे. आवाज थांबला तेव्हा कुलूप उघडलं.

आत कोणी नव्हतं. तारा उलट्या होत्या, आणि या वेळी बरोब्बर बसल्या होत्या. बारीक खाच घासून रुंद केली होती, रुंद खाचेच्या तळाशी बारीक तारेपुरती नवी चीर पाडली होती. मेजावर हाडाचा पांढरा भुगा पडला होता. कानस डावीकडे. मी भिंग लावून खाच पाहिली. डाव्या हातानं घासलं की खाचेचा उतार दुसऱ्या बाजूला जातो. चंद्रभान दुकानात बसला की मला घासायला हातभार लावायचा, त्याचं घासणं मी शंभरदा पाहिलेलं. हात त्याचाच होता.

आणि एकदम माझी भीती पळाली. अरे, हा तर जिवंत आहे! दुकानाची दुसरी किल्ली मीच त्याला दिली होती. दुपारच्या सुट्टीत तो इथं येऊन विजेशिवाय मुकाच रियाज करायचा. तीन वर्षं कुठंतरी तोंड काळं केलं म्हणून लाजला असेल, लपून येत असेल. मी दारातच बसलो होतो, हे त्या आनंदात माझ्या ध्यानातही आलं नाही. डोक्यावर टोपी न घालता मी तसाच भर उन्हात कोकिळेच्या घरी पळत गेलो.

"बाई, चंद्रभान आला! चाल, दाखवतो."

ती अनवाणीच आली. तिनं तारा पाहिल्या, भुगा बोटावर घेतला. मी तिला उतार दाखवला, तिन्ही दिवसांचं सगळं सांगितलं.

"काकाजी, कुलूप तुटलं होतं?"

"नाई. जसंच्या तसं. त्याच्यापाशी किल्ली आहे ना."

कोकिळेनं पदराची गाठ सोडली आणि किल्ली मेजावर ठेवली. "नागपूरले गेले तवा मले देऊन गेले. प्रवासात हरवंन म्हणे."

मी किल्ली उचलून पाहिली. तीच होती.

"अन् तुमी दाराशी बसून होते."

"हो."

"मंग ते कुठून आले?"

मी खिडकीचे गज हलवून पाहिले, घट्ट होते. ती शांतपणे म्हणाली, "जित्ता माणूस दारानं येते, काकाजी. अन् पयले घरी येते."

तिनं पदराचं टोक घेतलं आणि कपाळ पुसलं. एकदा पुसून पुरं झालं नाही, म्हणून पुन्हा पुसलं. रडली नाही. सासऱ्यांना काय ते करायला सांगते म्हणाली आणि उन्हात निघून गेली.

सासऱ्याला नाही, गावाला नाही, तीन वर्षांत जे कोणालाच जमलं नव्हतं, ते मी केलं. आणि मी तिला गोड बातमी द्यायला धावत गेलो होतो.