पाठमोरा नवरा

विषय : जुन्या मूकपटातील न वाचता आलेल्या एका वाक्याबाबत.
संदर्भ : हेडक्लार्कच्या पत्नीचा घटस्फोटाचा अर्ज.

या दोन बाबींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, असं चित्रपट-संग्रहालयातल्या हेडक्लार्कचं सुरुवातीला प्रामाणिक मत होतं.

नव्वद वर्षं हरवलेला तो विनोदी मूकपट एका ट्रंकेत सापडला, पण संवादांच्या पाट्या नष्ट झाल्या होत्या. म्हणून नटांचे ओठ वाचायला बधिर मुलांच्या शाळेतल्या निवृत्त बाईंना बोलावलं होतं. बाईंचे कान लहानपणीच गेलेले. जीभ मात्र शाबूत, आणि तिखट.

पडद्यावरची बायको घटस्फोटाचा अर्ज हातात घेऊन दारात थांबली. बाईंनी वाचलं, “बारा वर्षं तुम्ही माझ्या बोलण्याची नुसती पोच दिलीत. उत्तर एकदाही नाही.”

हेडक्लार्कची पेन्सिल थांबली. महिन्यापूर्वी बॅग उचलताना त्याची बायको अक्षरशः हेच म्हणाली होती, आणि तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला होता.

पडद्यावरचा नवराही खिडकीकडे वळला. पण तो काहीतरी बोलला असावा, कारण बायको खुदकन हसली आणि तिने अर्ज टराटरा फाडला.

“काय म्हणाला तो?” हेडक्लार्कने बाईंच्या समोर येऊन विचारलं.

“अहो, पाठीला ओठ असतात का?”

शुक्रवारी कोर्टाची तारीख होती. ते वाक्य मिळालं तर आपलीही बायको परत येईल, असं त्याच्या मनाने घेतलं. स्वतः एखादं वाक्य तयार करणं त्याच्या अधिकारात बसत नव्हतं.

तो रोज रीळ लावू लागला. मंगळवारी नवऱ्याचा कान दिसला. बुधवारी गाल. एकदा चित्रित झालेलं दृश्य बदलत नसतं हे ठाऊक असल्याने त्याने याची नोंद केली नाही.

गुरुवारी नवरा पूर्ण वळला. बायको हसली नाही. अर्ज तसाच धरून उभी राहिली.

“वाचा ना, बाई!” शेजारी बसलेल्या बाईंकडे तोंड वळवून तो म्हणाला.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “ओठ मिटलेत. तो बोलत नाहीये. तुमच्याकडे बघतोय.” मग बायकोकडे बोट करून त्या म्हणाल्या, “तीसुद्धा.”

हेडक्लार्कने घसा साफ केला. रीळ संपून चाक मोकळं फिरू लागलं, तरी तो घसाच साफ करत होता, आणि पडद्यावर ती दोघं अजून उभी होती.

शुक्रवारी कोर्टाने पुढची तारीख दिली. दोन्ही अर्ज आजमितीस प्रलंबित आहेत.