मागचं गेट

कामगारमंत्र्यांची गाडी काच कारखान्याजवळ आली, तसे सचिव हळूच म्हणाले, "साहेब, पुढे गर्दी आहे. मागच्या गेटनं जाऊ या?"

मंत्री हातातली फाईल वाचत राहिले. ड्रायव्हरनं ते 'हो' धरलं आणि गाडी वळवली.

कारखान्यात संप होता, तोही मंत्र्यांच्याच कायद्याविरुद्ध. भट्टीवर कंत्राटी माणसं घ्यायची मुभा त्यांनीच दिली होती. इथल्याच भट्टीवर राबणाऱ्या त्यांच्या वडिलांनी कारखान्यातल्या सोबत्यांना घेऊन पक्षाची शाखा काढलेली. मालकाच्या उरावर बसायचं नाही आणि पायाशीही बसायचं नाही. मतं मागायची, निवडून यायचं आणि त्याला कायद्यानं बांधायचं, एवढं वडिलांचं साधं राजकारण. क्रांतीवाल्यांनी त्यांना दलाल म्हटलं, मालकांनी आगलावे. पण आठ तासांचा दिवस, आजारपणातली पगारी रजा, म्हातारपणीचं पेन्शन, सगळं त्याच वाटेनं आलं.

भट्टी विझली तर आतली काच गोठते आणि भट्टीच बाद होते, म्हणून संपातही मोजकी माणसं आत राहायची. त्यांच्यासाठी कॅन्टीनमध्ये चहा टाकणाऱ्या बाईंनी मागच्या गेटातून आत येणारे मंत्री पाहिले आणि हातातली किटली खाली ठेवली. त्या मंत्र्यांच्या सख्ख्या वहिनी.

"भाऊजी? तुम्ही इकडून?"

"गर्दी होती, वहिनी."

"तुमचे दादा आहेत त्या गर्दीत. पोरं मागचं गेट अडवायला निघाली होती. ह्यांनीच थांबवलं. म्हणाले, माझा भाऊ आहे तो, तोंड चुकवून येणार नाही."

मंत्री तिथूनच वळले. मॅनेजर हात पुढे करून उभा होता, त्याला तसाच सोडून ते अंगण ओलांडून पुढच्या गेटाशी गेले आणि पहारेकऱ्याला कुलूप काढायला लावलं.

समोरच दादा. "अरे! तू आतून कसा?"

खरं ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं, "आधी भट्टी बघून आलो, दादा."

दादाचा चेहरा उजळला. तो गर्रकन वळून ओरडला, "ऐकलंत? आधी भट्टीवर गेला! भट्टीवाल्याचा पोरगा आहे!" टाळ्या पडल्या. कुणीतरी हार घातला. मंत्र्यांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

त्या दुपारी त्यांनी आदेश काढून इथल्या भट्टीपुरतं कंत्राटी माणसांचं ते कलम मागे घेतलं. बाकीच्या कारखान्यांना ते तसंच लागू राहिलं. इथला संप मिटला.

संध्याकाळी दादानं जेवायला ओढूनच नेलं. ताटावर बसल्या बसल्या तो मुलींना पुन्हा रंगवून सांगू लागला, काका कसा थेट भट्टीवर गेला. मंत्र्यांनी घास हातात धरला, पण वहिनींकडे बघायचा धीर होईना.

"जेवा आता," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "गार होतंय." आणि दिरांनी नको म्हणण्याआधीच त्यांच्या ताटात आणखी वाढलं.